प्रकृती : एक दुर्लक्षित भांडवल

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात गेली वीस-बावीस वर्षे काम करणारे एक ज्येष्ठ लिपिक आहेत. सारेजण त्यांना भाऊसाहेब म्हणतात. मार्चअखेरीच्या धावपळीत, हिशेबाची वही समोर उघडी असतानाच ते खुर्चीतून कलंडले. उजवी बाजू लुळी पडली. आठ दिवसांनी रुग्णालयात त्यांना भेटावयास गेलो तेव्हा शब्द सावकाश का होईना, फुटू लागले होते. "रक्तदाबाच्या गोळ्या घेत होतात ना, भाऊसाहेब?" मी विचारले. ते म्हणाले, "सहा वर्षांमागे सुरू केल्या होत्या, सर. दोन महिन्यांनी बरं वाटायला लागलं, म्हणून सोडल्या." ज्या माणसाने दोन तपे महाविद्यालयाच्या खतावणीत एका पैशाचा फरक राहू दिला नाही, त्याने स्वतःच्या देहाचा हिशेब सहा वर्षे उघडूनही पाहिला नव्हता. हे वाक्य लिहिताना त्यांना दोष देण्याचा माझा अधिकार कितपत आहे याविषयी मला शंका वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही भांडवल आणि घसारा या संकल्पना दरवर्षी शिकवितो. यंत्र विकत घेतले त्या दिवसापासून ते झिजू लागते, म्हणून शहाणा कारखानदार दरसाल घसाऱ्याची रक्कम बाजूला काढतो. १९७२ साली मायकेल ग्रॉसमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने हाच विचार माणसाच्या प्रकृतीस लावला. त्याचे प्रतिपादन असे की, मनुष्य जन्मतः आरोग्याचा काही साठा बरोबर घेऊन येतो. वयाबरोबर तो झिजत जातो, आणि आहार, व्यायाम, औषधोपचार व मुख्य म्हणजे वेळ खर्च करून त्यात भर घालता येते. हा साठा एका मर्यादेखाली गेला की मृत्यू. मांडणी रूक्ष आहे, परंतु तिच्यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आरोग्य ही डॉक्टरकडून विकत आणावयाची वस्तू नसून घरीच रोज थोडी थोडी उत्पादन करावयाची वस्तू आहे, असे ती सांगते. कारखान्याच्या यंत्राचा घसारा ताळेबंदात दिसतो. रक्तवाहिन्यांचा घसारा कोठेही लिहिला जात नाही आणि बहुधा दुखतही नाही. भाऊसाहेबांना "बरं वाटत होतं", हे अक्षरशः खरे होते.

हा प्रश्न एकट्या भाऊसाहेबांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. दुसरीकडे, देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी कुटुंबांना थेट खिशातून करावा लागणारा खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे, यात वाद नाही. परंतु शेकडा एकोणचाळीस हा आकडाही ज्या घरात पक्षाघाताचा रुग्ण आहे त्या घराला सोसवेल असा नव्हे. भाऊसाहेबांच्या मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव एप्रिलमध्ये मोडावी लागली. आम्ही पाठ्यपुस्तकात ज्याला 'आकस्मिक खर्च' म्हणतो, त्यातील बराचसा खर्च आकस्मिक नसतोच. तो सहा-सहा, दहा-दहा वर्षे हप्त्याहप्त्याने साचत आलेला असतो.

मग लोक वेळीच सावध का होत नाहीत? अज्ञान हे उत्तर निदान शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांच्यापुरते तरी खरे नाही. चालावे, मीठ कमी खावे, तंबाखूच्या वाटेला जाऊ नये, वेळेवर झोपावे, हे न ठाऊक असलेला पदवीधर दाखवा! जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मैदानांवर पांढऱ्या बुटांची जी गर्दी उसळते, ती ज्ञानाचाच पुरावा आहे. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत ती विरते. खरी अडचण अशी की, सवयीची किंमत आज रोख मोजावी लागते आणि तिचे फळ वीस वर्षांनी, तेही दिसेलच असे नाही, अशा स्वरूपात मिळते. जो झटका आलाच नाही त्याबद्दल कोण कोणाला धन्यवाद देणार? माणूस आजच्या सुखाला उद्याच्या सुखापेक्षा अवास्तव मोल देतो, ही गोष्ट अर्थशास्त्राने फार उशिरा गांभीर्याने घेतली. २०१७ साली रिचर्ड थेलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते बव्हंशी मानवी मनाच्या याच दुबळेपणाच्या अभ्यासाबद्दल. त्यांच्या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ आपल्या भाषेत सांगावयाचा तर असा, की मनोनिग्रहावर फार भिस्त ठेवू नये आणि परिस्थितीच अशी रचावी की योग्य ते सहज घडेल व अयोग्य ते करावयास थोडे कष्ट पडतील.

या संदर्भात लंडनमधील एक जुने संशोधन मला नेहमी आठवते. दुसऱ्या महायुद्धानंतर जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. चालक आणि वाहक दोघेही एकाच वस्तीत राहणारे, एकाच वर्गातील, जवळजवळ सारख्याच पगाराचे. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसाकाठी पाचसहाशे पायऱ्या चढे-उतरे. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा बराच कमी होता, आणि ज्यांना तो झाला त्यांनाही उशिरा व सौम्य स्वरूपात. मॉरिस यांनी मग टपालखात्याकडे मोर्चा वळविला. तेथेही दारोदार पत्रे वाटणारे पोस्टमन सुरक्षित निघाले आणि खुर्चीवर बसून काम करणारे आमचे भाईबंद, म्हणजे कारकून, धोक्यात!

संशोधक प्रामाणिक असेल तर तो स्वतःच्या निष्कर्षावरही शंका घेतो. वाहक मुळातच सडपातळ असतील आणि म्हणून ते ती नोकरी पत्करीत असतील, असे तर नसेल? मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसकंपनीने शिवलेल्या गणवेशांच्या मापांची दप्तरे तपासली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा जास्त होता, आणि नोकरीच्या आरंभीही होता. म्हणजे सगळेच श्रेय पायऱ्यांना देता येत नव्हते. तरीही पुढील कित्येक दशकांच्या अभ्यासांनी मूळ मुद्द्याला पुष्टीच दिली. खुद्द मॉरिस २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी निवर्तले. एका माणसाच्या आयुष्यावरून सिद्धान्त काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो. तरीही हा तपशील सांगण्याचा मोह मला दरवेळी होतो.

मला त्या अभ्यासातील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्या वाहकांनी व्यायामाचा संकल्प कधी केला नव्हता. त्यांचा व्यायाम कामाच्या पोटातून निघत होता. आपल्याकडे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण आहे. आश्रम हिंगण्यास आणि नोकरी फर्ग्युसन महाविद्यालयात, मध्ये चिखलाची वाट. गणिताचे हे प्राध्यापक ऊन-पावसात ती वाट रोज पायी तुडवीत. प्रकृतीसाठी नव्हे, जाणे भाग होते म्हणून. अण्णासाहेब १०४ वर्षे जगले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तेव्हाही त्यांनी केवळ पुस्तक लिहून हात झटकले नाहीत. संस्थानातील शाळांतून ते नित्यक्रमाचा भाग केले. मुलाने रोज सकाळी निर्णय घ्यावा अशी अपेक्षाच ठेवली नाही. आज आपण नेमके उलट केले आहे. कामातून श्रम काढून टाकले, आणि मग काढून टाकलेले श्रम संध्याकाळी पैसे भरून व्यायामशाळेत परत विकत घ्यावे, असे माणसाला सुचविले. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्याजवळ वेळ नाही, आणि आमच्यासारख्या बहुतेकांजवळ दोन्ही बेताचेच.

भारतीय माणसाबाबत येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. "मी कुठे जाडा आहे?" हा प्रश्न आमच्या शिक्षकखोलीत वारंवार ऐकू येतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी तोच, २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के! वरून किडकिडीत, आतून मेदयुक्त, अशी आपल्यापैकी अनेकांची देहरचना असते, आणि तिची मुळे आईच्या गर्भापर्यंत जातात, असे पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत डॉ. याज्ञिक यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासातून दिसून आले. तात्पर्य, वजनकाट्याने दिलेल्या प्रशस्तिपत्रावर सडपातळ माणसाने विसंबू नये. भाऊसाहेबही सडपातळच आहेत.

आता 'वर्षभर' या शब्दाकडे वळू, कारण सगळी ग्यानबाची मेख तेथेच आहे. पंधरा दिवस नियमाने चालणारे पुष्कळ भेटतात. ऋतू पालटला की नियम गळतो. थंडीत पांघरूण सुटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठालाच ऊन भाजून काढते आणि परीक्षांचे गठ्ठे दारात येऊन पडतात. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी. मग पाऊस, चिखल, उघडी गटारे. तो ओसरतो न ओसरतो तोच गणपती, नवरात्र, दिवाळीची ताटे. प्रत्येक खंडाला सबळ कारण असते, हेच वाईट. आळस असता तर शरम तरी वाटली असती.

आपल्या पूर्वजांनी या अडचणीवर एक युक्ती काढली होती. त्यांनी निर्णय माणसाच्या हातातून काढून पंचांगाच्या हाती दिला. पाडव्याला कडुनिंबाचा पाला, चैत्रात पन्हे आणि आंब्याची डाळ, आषाढात कांदेनवमीला कांद्या-वांग्याला निरोप देऊन चातुर्मासाचा संयम, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हिवाळ्यातील सगळ्या भाज्यांची एकत्र भाजी. यांपैकी कशात किती वैद्यकीय तथ्य आहे याची छाननी तज्ज्ञांनी करावी. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही स्वतःला आगाऊ बांधून घेण्याची पद्धत होती. आज कांदा खावा की नाही, हा विचार रोज करावा लागत नसे. शेजारच्या घरीही तो शिजत नसे, म्हणून मोहाची किंमतही वाढे. अर्थात जुन्या काळाचे गोडवे गाताना स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते आणि आज ते सत्तरीला टेकले आहे, हे विसरता येत नाही. पटकी, देवी, हिवताप यांच्यापुढे भोगीची भाजी हतबल होती. लस, स्वच्छ पाणी आणि प्रतिजैविके यांनी जे केले ते ऋतुचर्येला जमले नसते. शिवाय तो संयम पुष्कळदा टंचाईचेच गोंडस नाव होते. टंचाई गेली, तसा एकादशीचा उपवास साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि तूप यांचा महोत्सव झाला. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण काही आजची नव्हे म्हणा, पण पूर्वी ती थट्टा होती, आज दिनचर्या आहे.

तेव्हा पंचांगातील कृती नव्हे, तर त्यामागील युक्ती घ्यावी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींवर एक प्रयोग केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक लहानशी नवी गोष्ट निवडून ती रोजच्या एखाद्या ठराविक घटनेला, उदाहरणार्थ न्याहरीला, जोडावयाची होती. ती अंगवळणी पडण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागतात असे दिसले. पण कोणास १८ तर कोणास २५४ दिवस, इतका फरक! 'एकवीस दिवसांत नवी सवय' असे सांगणाऱ्या पुस्तकांचा धंदा यामुळे बंद पडला नाही, हे निराळे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष दुसराच आहे. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की व्रत मोडले असे समजून सगळाच नियम सोडून देतो. सवय ज्या खुंटीला टांगली ती खुंटीच ऋतूबरोबर निखळणारी असेल, तर दुसरी खुंटी आधीच ठोकून ठेवावी. पहाटेच्या फेरीला पावसाळ्यात जिन्याचा पर्याय मेमध्येच ठरवावा, जुलैत नव्हे. महाविद्यालयाचे तीन मजले दिवसातून चार वेळा चढणे हेही लंडनच्या वाहकाचेच काम आहे.

दहा हजार पावलांच्या धास्तीने चालणेच न आरंभणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून टाकतो. हा आकडा कोणत्याही वैद्यकशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचे होते. आकडा जाहिरातीतला आहे. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले, आणि ७,५०० च्या पुढे अधिक लाभ दिसला नाही.

स्त्रियांचा उल्लेख आला आहे, तर येथे जरा थांबले पाहिजे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांच्या अंदाजानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. आमच्या एक सहकारी प्राध्यापिका पहाटे पाचला उठतात. चार डबे भरतात, सासूबाईंची औषधे काढून ठेवतात, बस गाठतात, चार तास उभ्याने शिकवितात आणि संध्याकाळी पुन्हा ओट्याशी उभ्या राहतात. "सर, तुम्ही चालायला जाता तेव्हा तुमचा चहा कोण करतं?" असे त्यांनी मला एकदा विचारले. मला उत्तर देता आले नाही. सकाळच्या मैदानावर फिरणाऱ्या पुरुषाचा अर्धा तास हा बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी वेळेतून उसना घेतलेला असतो. घरातील काम वाटून घेतल्याविना स्त्रियांना आरोग्याचा उपदेश करणे म्हणजे पगार न देता बचतीचे महत्त्व सांगणे होय. ती शिल्लक राहिलेली शिळी पोळी सर्वांत शेवटी खाते, हाही आपल्या आहारशास्त्राचाच एक अध्याय आहे आणि तो कोणत्याही तक्त्यात छापला जात नाही.

आहाराविषयी बोलावयाचे तर मिठापुरते बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक चमचा. आपण सरासरीने आठ ग्रॅमच्या घरात आहोत. भाजीत मीठ घालणारा हात आपला असतो. परंतु लोणचे, पापड, फरसाण आणि पाव यांतून जे जाते त्याची दखल कोणी घेत नाही. आमच्या शिक्षकखोलीत प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक पदोन्नतीला, प्रत्येक निरोपाला सामोसे आणि वेफर येतात. चाळीस माणसांच्या महाविद्यालयात वाढदिवस किती येतात याचे गणित वाचकांनी करावे. मध्यंतरी एका सहकाऱ्याने वाढदिवसाला केळी आणि भाजलेले शेंगदाणे आणले. दोन दिवस त्याच्या कंजूषपणाची चर्चा झाली. आता तिघे-चौघे तसेच आणू लागले आहेत.

रक्तदाबाच्या बाबतीत तर व्यक्तीच्या निग्रहापेक्षा व्यवस्थेचा वाटा कितीतरी मोठा आहे. साधी गोळी जनऔषधी केंद्रात इतकी स्वस्त मिळते की महिन्याचा खर्च एका नाश्त्याच्या बिलाएवढाही होत नाही. मग लोक ती सोडतात का? भाऊसाहेबांनी सांगितलेले पहिले कारण "बरं वाटलं" हे होते. दुसरे कारण त्यांनी नंतर, जरा संकोचाने सांगितले. सरकारी दवाखान्यात गोळ्या आठ-आठ दिवसांच्याच मिळत. प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून रांगेत उभे राहावे लागे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नेमके हेच हेरले. ठराविक साधी औषधयोजना, एकदम महिन्याच्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रात तपासणी, आणि जो आला नाही त्याची चौकशी. यात मोठे शास्त्र नाही, कारकुनी आहे. पण चांगल्या कारकुनीने जेवढे जीव वाचतात तेवढे भाषणांनी वाचत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाऊसाहेबांच्या आजारानंतर आम्ही वर्गणी काढून रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र आणले. ते कोठे ठेवावे यावर बराच खल झाला. ग्रंथालय, जिमखाना, उपप्राचार्यांची खोली अशा सूचना आल्या. अखेर कार्यालयातील शिपाईमामांनी सुचविले, "हजेरीच्या टेबलावर ठेवा. तिथं आल्याशिवाय कोणाचं भागत नाही." यंत्र तेथेच ठेवले आहे, आणि पाच मिनिटे बसण्यासाठी एक खुर्ची. पहिल्याच आठवड्यात आमच्यापैकी काहींना आपापले आकडे प्रथमच कळले. त्यांत माझाही होता, १५२ आणि ९६. तीन वेळा मोजला, तरी तेच. आरोग्यरूपी भांडवलावर पंधरा वर्षे व्याख्याने देणाऱ्या माणसाने चाळिशी उलटल्यावर एकदाही दंडाला पट्टा बांधला नव्हता. आता गोळीचे पाकीट आमच्या चहाच्या डब्याला लागून असते, आणि सकाळचा चहा मी करतो.

भाऊसाहेब जूनपासून अर्धा दिवस येऊ लागले आहेत. डाव्या हाताने लिहिण्याचा सराव चालू आहे. आल्या आल्या ते हजेरीच्या टेबलाशी बसतात, आणि कोण न मोजता पुढे गेला याच्यावर त्यांची नजर असते. गेल्या महिन्यात यंत्राच्या विजेऱ्या संपल्या. नव्या आणण्यासाठी मी टिपण लिहून दिले, तर ते दोन दिवसांनी परत आले. हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा, असा शेरा त्यावर होता. अक्षर वाकडेतिकडे, पण भाऊसाहेबांचेच होते.